चित्रातला बैल आणि दावणीचा बैल

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ऊस, द्राक्षे, डाळिंब, दुधाचा धंदा या विषयांवर आपण नेहमीच ऐकतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. आपल्या दावणीला जी जनावरे आहेत ती माणसाच्या दावणीला आली कधी, आणि हे आपल्याला कळते कशावरून, याबद्दल मी बोलणार आहे. लिहिलेले कागद तर त्या काळचे नाहीत. माणसाला लिहिता येत नव्हते तेव्हाची ही हकीकत आहे. पण लिहिता येत नसले तरी त्याला चित्र काढता येत होते, माती वळता येत होती, पुढे धातू ओतता येऊ लागला. त्याने खडकावर, मडक्यावर जनावरे काढली, मातीची जनावरे केली. ही चित्रे म्हणजे त्या काळच्या पशुपालनाची साक्ष आहे. मात्र कोणतीही साक्ष तपासून घ्यावी लागते, तशी हीसुद्धा घ्यावी लागते.

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. दोन संबंध आहेत. पहिला म्हणजे आपल्या गोठ्यातील जनावरांची वंशावळ. दुसरा म्हणजे आपल्या नद्यांच्या काठची पांढरी. भीमा, नीरा, कऱ्हा, घोड या नद्यांच्या काठी महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या शेतकऱ्यांची गावे होती. त्यांचा पुरावा आजही तुमच्या-आमच्या शेतांच्या बांधाला लागून मातीत पडून आहे. तो राहणार की जाणार, हे बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

चित्रातले जनावर पाळीव कसे ओळखावे?

खडकावर बैल काढलेला दिसला की आपण म्हणतो, त्या लोकांनी बैल पाळले होते. पण हे इतके सोपे नाही. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. तिच्या भिंतीवर सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी भलेमोठे बैल रंगविलेले आहेत. ते सगळे रानटी आहेत. त्या काळी जगात कुठेही गोठा नव्हता. चित्रकाराने बैल काढला तो त्याची शिकार करायची म्हणून, त्याची भीती वाटली म्हणून किंवा त्याला देव मानला म्हणून. नुसत्या आकृतीवरून पाळीवपणा सिद्ध होत नाही.

मग पाहायचे काय? आपण बाजारात जनावर पारखताना जशा चार खुणा पाहतो, तशाच येथेही पाहाव्या लागतात.

पहिली खूण दोरीची. गळ्यात दावे, नाकात वेसण, मानेवर जू दिसले की शंका उरत नाही. रानटी जनावराच्या मानेवर जू येत नाही. सौदी अरेबियात शुवायमिस व जुब्बा या ठिकाणी खडकावर कोरलेल्या शिकारीच्या चित्रांत शिकाऱ्याच्या कमरेपासून कुत्र्याच्या गळ्यापर्यंत रेघ ओढलेली आहे. ही चित्रे २०१७ साली अभ्यासकांनी प्रसिद्ध केली. ती रेघ म्हणजे दोरी असेल तर तो कुत्रा पाळीव होता असे म्हणता येते.

दुसरी खूण माणसाच्या वागण्याची. माणूस भाला घेऊन जनावराच्या मागे लागला आहे, की जनावरांच्या कळपात निवांत उभा आहे? आफ्रिकेतील सहारा वाळवंटात, जेथे आज गवताची काडी उगवत नाही, तेथील खडकांवर गुरांचे कळपच्या कळप काढलेले आहेत. काही ठिकाणी गाय पिळतानाचे दृश्यही आहे. तो भाग एकेकाळी कुरणाचा होता.

तिसरी खूण रंगाची. रानातल्या जनावरांचा रंग बहुधा एकसारखा असतो. माणसाने पाळल्यावर कळपात कबरी, बांडी, पांढरी, तांबडी अशी जनावरे टिकतात, कारण रानातला वाघ त्यांना वेचून काढत नाही. म्हणून चित्रातील कळपात निरनिराळ्या रंगांची व ठिपक्यांची गुरे दिसली तर ती पाळीव असण्याचा संभव वाढतो.

चौथी खूण सर्वांत महत्त्वाची, आणि ती चित्राच्या बाहेर आहे. त्या ठिकाणच्या मातीत त्या जनावराची हाडे, शेण, खुरांचे ठसे मिळतात का? चित्र आणि हाड या दोन्ही साक्षी जुळल्या तरच निकाल पक्का.

शिकाऱ्यांची चित्रे

आपल्या देशात मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील रंगीत चित्रे प्रसिद्ध आहेत. डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ साली ती उजेडात आणली आणि २००३ साली त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला. तेथील जुन्या चित्रांत हरणे, गवे, रानडुकरे आहेत, त्यांच्या मागे धावणारी माणसे आहेत. त्यांच्यावर मागाहून काढलेल्या चित्रांत वशिंडाचे बैल दिसू लागतात आणि त्यापुढील काळात घोडेस्वार येतात. एकाच भिंतीवर एकावर एक थर चढले आहेत. खालचा थर शिकाऱ्याचा आणि वरचा गुराख्याचा व शेतकऱ्याचा आहे. कुठला रंग कुठल्या रंगावर आहे हे पाहून आधीचे व नंतरचे ठरविता येते.

आपल्या कोकणातही रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली मोठमोठी चित्रे आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. राजापूर तालुक्यातील कशेळीचा प्रचंड हत्ती अनेकांनी पाहिला असेल. येथे हत्ती आहे, वाघ आहे, मासे आहेत, आणि आज कोकणात नसलेला गेंडाही आहे. पण नांगर नाही, पेरणी नाही, जुंपलेला बैल नाही. म्हणून ही चित्रे शिकार व मासेमारी करणाऱ्या लोकांची असावीत असे अभ्यासकांचे मत आहे. त्यांचा नेमका काळ ठरविण्याचे काम अजून चालू आहे. चित्रात काय आहे याइतकेच काय नाही, हेही बोलके असते ते असे.

दख्खनचे पहिले गुराखी

आता आपल्या दक्षिणेला, बल्लारी व रायचूरच्या बाजूला चला. तेथे राखेची टेकाडे आहेत. कित्येक वर्षे लोकांना वाटे की ही ज्वालामुखीची राख आहे किंवा पुराणातल्या राक्षसाची आहे. तपासणीनंतर कळले की ती शेणाची राख आहे. तेलंगणातील उटनूर येथे ऑलचिन या ब्रिटिश संशोधकांनी १९५७ साली खोदकाम केले. तेथे लाकडी खुंट रोवून केलेले गुरांचे कोंडवाडे सापडले. त्यांतील साठलेले शेण वेळोवेळी पेटविले जात असे. राखेच्या थरांमध्ये गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे राहिले होते. हे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. शेणकुटाच्या ढिगाजवळ वाढलेल्या माणसाला या पुराव्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्याच मुलखात बल्लारीजवळ कुपगल येथे डोंगरातील काळ्या दगडांवर ठोकून ठोकून काढलेली असंख्य चित्रे आहेत. त्यांत सर्वांत जास्त संख्या वशिंडाच्या, लांब शिंगांच्या गुरांची आहे. येथे चित्र आणि शेण या दोन्ही साक्षी एकाच मुलखात मिळतात. तेथे पाळीव गुरे होती असे म्हणायला आता अडचण नाही.

लांब शिंगे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खिलार उभा राहिला असेल. साहजिक आहे. खिलार, हळ्ळीकार, अमृतमहाल ही सारी दख्खनच्या कोरड्या पठारावरची चपळ, काटक व लांब शिंगांची जनावरे. परंतु शिंगे सारखी दिसली म्हणून कुपगलचा बैल हाच खिलारचा पूर्वज, असे म्हणता येणार नाही. मधल्या चार हजार वर्षांत किती निवड झाली, किती वळू बाहेरून आले, याची नोंद चित्रात नसते. एवढे मात्र म्हणता येईल की या हवामानात, या चाऱ्यावर वशिंडाचे जनावर टिकते हे दख्खनच्या माणसाने फार जुन्या काळी ओळखले होते.

आपल्या नद्यांचा काठ

आता घराजवळ येऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. घोडेचे पाणी भीमेत मिळते आणि तीच भीमा इंदापूर तालुक्याच्या कडेने उजनीच्या जलाशयात येते. या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात मोठे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी हे त्यामागचे प्रमुख संशोधक. इ. स. पूर्व १६०० ते इ. स. पूर्व ७०० या सुमारे नऊशे वर्षांच्या काळात तेथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. कुडाच्या भिंती, मातीने सारवलेली जमीन, धान्याची पेवे, चुली असे सगळे तेथे मिळाले. जव हे त्यांचे मुख्य पीक होते. शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा ही धान्ये मिळाली. पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी खोदलेला पाटही सापडला. आपल्या जिल्ह्यातील पाटपाण्याचा हा आजवर मिळालेला फार जुना पुरावा आहे.

याच काळातील वस्त्यांना, संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावाच्या नावावरून, जोर्वे संस्कृती असे म्हणतात. जोर्वे येथे १९५० साली खोदकाम झाले होते. तांबड्या मडक्यावर काळ्या रंगाची नक्षी ही या लोकांची ओळख. बारामती तालुक्यात कऱ्हा व नीरा यांच्या संगमावर सोनगाव आहे. सोनेश्वराच्या दर्शनाला तुम्ही अनेक जण जात असाल. या सोनगावला १९६० नंतरच्या दशकात डेक्कन कॉलेजने खोदकाम केले तेव्हा तेथेही याच ताम्रपाषाण काळातील वस्ती मिळाली. म्हणजे बारामतीच्या शेतीचा इतिहास नीरा डाव्या कालव्यापासून सुरू होत नाही. तो तीन हजार वर्षे मागे जातो.

इनामगावच्या लोकांनी जनावरांबद्दल काय मागे ठेवले? मातीचे बैल पुष्कळ मिळाले. त्यांतील एका वस्तूची हकीकत सांगण्यासारखी आहे. एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी पुरलेली सापडली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती व तिला डोके नव्हते. बरोबर मातीचा एक बैल होता. बैलाच्या पाठीला एक भोक आणि मूर्तीच्या पोटाला एक भोक. काडी घालून मूर्ती बैलावर बसविता यावी अशी ती योजना. काळ सुमारे इ. स. पूर्व १३००. ही देवी कोणती होती, तिचे नाव काय, हे कुणालाही सांगता येणार नाही. पण घरातील माणसांनी जमिनीखाली ठेवावी इतकी ती वस्तू महत्त्वाची होती, आणि देवीच्या जोडीला त्यांनी वाघ न ठेवता बैल ठेवला, एवढे दिसते. ज्याच्या जिवावर पोट भरते त्याला देव्हाऱ्यात जागा मिळते.

बेंदराला आणि पोळ्याला आपण कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणून पुजतो. इनामगावचा बैल पाहिल्यावर ही आठवण येणारच. पण येथेही जपून बोलावे. मधल्या अडीच-तीन हजार वर्षांतील दुवे आपल्याजवळ नाहीत. शिवाय मातीचा प्रत्येक बैल पूजेचाच असेल असेही नाही. पोरांच्या खेळण्यातला बैलही मोडून उकिरड्यावर जातो आणि तीन हजार वर्षांनी सापडतो. वस्तू कुठे सापडली, कशाबरोबर सापडली, यावरून तिचा अर्थ ठरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याकडे येणार आहे.

दायमाबादचा रथ आणि गेंडा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथील एक शेतकरी झुडपाची मुळे खणत असताना त्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. चारही भरीव, एकूण वजन साठ किलोंहून जास्त. एक दोन बैलांचा रथ, त्यावर उभा माणूस, दांडीवर कुत्रा. दुसरा हत्ती, तिसरा गेंडा, चौथी म्हैस. या वस्तू चाकांवर ओढण्यासारख्या केलेल्या. त्यांचा काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात, काहींना तो तितका जुना वाटत नाही. कारण खोदकामात थराथराने मिळालेल्या वस्तूचा काळ ठरवणे सोपे जाते, आणि या वस्तू आधीच बाहेर निघाल्या होत्या.

आता या चार वस्तूंना आपल्या खुणा लावून पाहा. रथाचे बैल जुवाला जोडलेले आहेत. म्हणजे ते पाळीव, शिकविलेले, जोडीने चालणारे. दांडीवरचा कुत्रा माणसाबरोबर प्रवास करतो, तोही पाळीव. येथपर्यंत ठीक. पण गेंडासुद्धा चाकांवर आहे! मग गेंडा पाळला होता असे म्हणायचे का? कोणी म्हणणार नाही. हत्तीबद्दल आणि म्हशीबद्दल नुसत्या त्या मूर्तीवरून हो किंवा नाही, काहीच सांगता येणार नाही. चित्राला साक्षीला उभे करावे, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये, हे या गेंड्याने आपल्याला शिकविले.

चित्रे आणखी एका बाबतीत फसवितात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वशिंडाचा डौलदार बैल आहे, पण गाय नाही. शेळी-मेंढी तर फार थोडी. म्हणून त्या लोकांकडे गाई नव्हत्या, असे कसे म्हणता येईल? गाईशिवाय बैल कुठून आला? माणूस ज्याचा मान राखतो त्याचे चित्र काढतो. रोजच्या उपयोगाची शेळी चित्रात येतेच असे नाही. लग्नपत्रिकेवर आपणही शेळी छापत नाही.

दात आणि हाडे काय सांगतात

म्हणून हाडांकडे जावे लागते. डेक्कन कॉलेजमध्ये प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. इनामगावच्या उकिरड्यांतून निघालेली हजारो हाडे तेथे तपासली गेली. ही तपासणी तुम्हाला परकी वाटणार नाही. बैलबाजारात आपण तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे, हे पाहून वय सांगतो. संशोधकही जबड्यातील दातांवरून व त्यांच्या झिजेवरून मेलेल्या जनावराचे वय ठरवितात. मग हिशेब असा मांडला जातो. खोंडेच जास्त प्रमाणात कापलेली दिसली तर कळप मुख्यतः मांसासाठी. पूर्ण वयाची, झिजल्या दातांची जनावरे जास्त असतील तर ती ओढकामासाठी किंवा दुधासाठी सांभाळली. ओढकाम केलेल्या बैलाच्या पायांच्या खालच्या हाडांवर ताण पडून ती रुंदावतात, त्यांवर गाठी येतात. पाळीव जनावरांचा बांधाही त्यांच्या रानटी पूर्वजांपेक्षा लहान होत जातो.

या तपासणीत असे दिसले की इनामगावला गाय-बैलांची हाडे सर्वांत महत्त्वाची होती. त्यांच्या जोडीला म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा ही जनावरे होती. काळवीट, चितळ अशा रानातील प्राण्यांचीही शिकार होत असे. हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ज्या बैलाची मूर्ती देवीबरोबर ठेवली, त्याच जातीचे जनावर खाल्लेही जात होते. आजच्या आपल्या भावना त्या काळावर लादू नयेत आणि त्या काळचे आचार आजच्या वादात ओढू नयेत. पुरावा जसा आहे तसा वाचावा.

दुधाचा पुरावा मिळविण्याची नवी रीतही आता आली आहे. मातीच्या मडक्याच्या अंगात दुधाची स्निग्धता मुरते आणि हजारो वर्षे राहते. गुजरातेत कच्छमधील कोटडा भाडली या हडप्पाकालीन गावच्या खापरांत अशी दुधाची स्निग्धता सापडल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. काळ इ. स. पूर्व २५०० च्या सुमाराचा. चित्रात गाय नसली तरी खापरात दूध होते!

जनुकांची साक्षही आता मिळाली आहे. वशिंडाची गुरे आणि युरोपातील बिनवशिंडाची गुरे यांचे वंश माणूस गुरे पाळू लागण्याच्या कितीतरी आधीच वेगळे झाले होते, हे १९९० नंतरच्या अभ्यासात स्पष्ट झाले. बिनवशिंडाची गुरे पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाळली गेली. वशिंडाची गुरे आपल्या उपखंडाच्या वायव्य भागात, सिंधूच्या खोऱ्याच्या बाजूला, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी पाळली गेली. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील हाडांत रानटी गुरे कमी होत पाळीव गुरे वाढत गेल्याचे दिसते. तेव्हा तुमच्या गोठ्यात होल्स्टीन किंवा जर्सीच्या संकराची गाय असेल, तर तिच्या अंगात दोन वेगवेगळ्या मुलखांतील, वेगवेगळ्या माणसांनी पाळलेले दोन वंश एकत्र आले आहेत. दूध एकाकडून येते. ऊन, गोचीड व उपासमार सोसण्याची ताकद दुसऱ्याकडून येते. दुसरा वंश संपला तर ती ताकद पुन्हा विकत मिळणार नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी व गावठी गोवंश २०१२ च्या मानाने ६ टक्क्यांनी घटला आणि विदेशी व संकरित गुरे जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली. खिलारचा चांगला वळू गावात असावा असे आम्ही म्हणतो, त्यामागे हा हिशेब आहे.

पाऊस कमी झाला तेव्हा

इनामगावची शेवटची हकीकत अवर्षणप्रवण भागातल्या शेतकऱ्याने विशेष लक्ष देऊन ऐकावी. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास तेथील जीवन पालटले. चौकोनी, ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मडक्यांची नक्षी व घडण उतरली. डॉ. ढवळीकर यांच्या मते हवामान कोरडे झाले, शेती हटली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांकडे व शिकारीकडे वळले. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले.

म्हणजे पाणी आटले तेव्हा मोठ्या जनावराची जागा लहान जनावराने घेतली. हे आपल्याला नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी गुरे छावणीत नेली आणि शेळीवर दिवस काढले त्यांना ते ठाऊक आहे. मेंढरे घेऊन पावसाबरोबर फिरणारा धनगर समाज आजही याच नद्यांच्या खोऱ्यांत हे गणित सांभाळून आहे. पण पाहा, या एवढ्या मोठ्या बदलाची नोंद चित्रांतून झालेली नाही. ती झाली उकिरड्यातील हाडांतून आणि घरांच्या जमिनींतून.

पांढरी राखा

आता मुख्य सांगणे. आपण म्हणतो, गावाची एक काळी आणि एक पांढरी. काळीत पिकते, पांढरीत माणूस राहतो. नदीकाठच्या जुन्या पांढरीची टेकाडे राख, शेण, हाडे, मोडकी घरे यांच्या थरांनी वाढत गेलेली असतात. त्यामुळे त्या मातीत स्फुरद जास्त असतो, आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या शेतकरी ही माती गाडीने ओढून रानात टाकत आला. बैलगाडीने नेली तोवर टेकाडाचा कोपरा झिजत होता. आता यंत्राने दोन दिवसांत सगळे टेकाड सपाट होते. उजनीच्या पाण्याखाली १९८० पासून भीमेचा मोठा काठ गेला. पाणी खाली गेले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते, हे तुम्ही पाहता. देऊळ दगडाचे म्हणून टिकले. मातीचे टेकाड एकदा विस्कटले की परत रचता येत नाही. मातीचा बैल हातात राहील, पण तो कोणत्या थरात होता, चुलीजवळ होता की देव्हाऱ्यात, हे कायमचे जाईल. मग तो नुसता मातीचा तुकडा.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

१. नदीकाठी, ओढ्याच्या तोंडाशी राखी-पांढऱ्या मातीचे टेकाड असेल आणि त्यावर नक्षीची तांबडी खापरे, गारेची बारीक पाती, हाडे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसत असतील, तर तेथे सपाटीकरण, शेततळे किंवा पाइपलाइनची चारी घेण्यापूर्वी थांबावे.

२. मूर्ती, नाणी, तांब्याच्या वस्तू किंवा रांजणात पुरलेली हाडे दिसली तर काढू नयेत, धुऊ नयेत. जागेवरच झाकून ठेवावीत. जोर्वे काळात लहान मुलांना घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरत असत. त्यात धन नसते. गुप्तधनाच्या आशेने रांजण फोडू नयेत.

३. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. तलाठी व तहसीलदार यांच्यामार्फत लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. राज्याचे पुरातत्त्व संचालनालय किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनाही कळवावे.

४. जुनी वस्तू फिरत्या व्यापाऱ्याला विकू नये. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या व्यवहाराला १९७२ चा कायदा लागू आहे आणि त्या परदेशी पाठविण्यास बंदी आहे.

५. पांढरीच्या मातीऐवजी चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट व माती परीक्षणानुसार स्फुरदयुक्त खत वापरावे. पिकाला जे हवे ते त्यातून मिळते, आणि टेकाड वाचते.

६. शाळेतील मुलांना टेकाड दाखवावे. खापर उचलून घरी न आणता पाहून जागेवर ठेवायला शिकवावे. गावाच्या नोंदीत त्या टेकाडाचा गट क्रमांक लिहून ठेवावा.

यावर एक अडचण नेहमी सांगितली जाते, ती मी मोकळेपणाने मांडतो. शेतकऱ्याला भीती वाटते की कळविले तर सरकार जमीन घेईल, पीक बंद होईल. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणून ती जाणार नाही. पण प्रत्येक खापराच्या जागी जमीन संपादन होत नाही. संशोधक बहुतेक ठिकाणी पाहणी करतात, नोंद घेतात, फार तर पीक निघाल्यावर लहानसा खड्डा घेऊन पुन्हा बुजवितात. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन शेतकऱ्याच्या बाजूने बोलणी केली, नुकसानीचे आधीच ठरविले, तर दोघांचेही काम होते. नोंद झाली की निदान टेकाड कुठे होते एवढे तरी उरते.

बंधू-भगिनींनो, लिहिता न येणाऱ्या माणसाने आपल्या बैलाची आठवण मातीत ठेवली. ती वाचायला हाडाची, खापराची आणि जागेची साक्ष लागते. ती साक्ष सांभाळणारा पहिला माणूस संशोधक नाही, ज्याच्या बांधाला ते टेकाड आहे तो शेतकरी आहे. येत्या उन्हाळ्यात नांगरट सुरू होण्यापूर्वी आपल्या शिवारातील पांढर एकदा पायी फिरून पाहा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.